सिंहवाल्या देवीखालचं नाव

(या भागात जे बोललो ते जवळपास तसंच इथे उतरवलंय. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी.)

आजचा भाग जरा वेगळा आहे. एरवी मी इथे कोडबद्दल बोलतो, नोकरीबद्दल बोलतो, पुण्यातल्या घरभाड्यावर रडतो. आज एका माणसाबद्दल बोलणार आहे, जो माझ्या जन्माच्या ऐंशी वर्षं आधी हरवला.

त्याचं नाव मी घेणार नाही. आजीनं तसं बजावलंय. "घरातल्या माणसाचं नाव मोबाईलवर गावभर नको" म्हणाली. बरोबर आहे तिचं. आपण त्याला आज नुसतं थोरले आजोबा म्हणू. नातं सांगायचं तर माझ्या पणजोबांचे थोरले भाऊ, आणि आजीचे चुलत सासरे. सातारा जिल्ह्यातले, कराडपासून तासाभरावरच्या गावातले. पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर गेले आणि परत आले नाहीत.

घरात एवढंच माहीत होतं. "बसऱ्याला गेला." आमच्याकडे बसरा हे ठिकाण नव्हतंच, ते एखाद्याचं काय झालं ते सांगायची पद्धत होती. लहानपणी मला वाटायचं बसरा म्हणजे वर गेला, देवाघरी गेला, तसं काहीतरी.

आता मी हे शोधायला का लागलो? इतिहासाची आवड वगैरे काही नाही हो. आजीनं काम सांगितलं म्हणून.

आमच्याकडे भाद्रपदात म्हाळ घालतात. पितृपक्ष. ज्याची जी तिथी, त्या दिवशी त्याचं पान. ज्याची तिथी माहीत नाही त्याचं सर्वपित्री अमावास्येला. आणि जो हत्यारानं गेला, लढाईत गेला, त्याचं चतुर्दशीला, घातचतुर्दशी म्हणतात ती. थोरल्या आजोबांचं पान आमच्याकडे अमावास्येला असतं. दोन वर्षांपूर्वी मी सुट्टी काढून गेलो होतो. पानं वाढून झाली, कावळ्याला घास ठेवला, आणि आजी मला म्हणाली, "आरं, तू एवढा कंप्युटर शिकलास. याची तिथी कुटली ते बघ की. लढाईत मेला तर चौदस लागती. आजाराने मेला तर त्याची त्याची तिथी लागती. मी मरायच्या आधी एकदा नीट घालू दे त्याला."

चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. मी "बघतो" म्हणालो. आपण मॅनेजरला म्हणतो ना "बघतो", तसंच.

पण मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली आणि ते डोक्यातनं जाईना. आजी लग्न करून आली तेव्हा थोरल्या आजोबांची बायको घरात होती. आजी त्यांना मोठ्या सासूबाई म्हणायची. नवरा गेला तेव्हा त्यांचं वय अठरा-एकोणीस. कधीतरी सरकारी कागद आला होता, गावच्या तलाठ्यानं वाचून दाखवला होता. पण त्या काळात असे मेलेले म्हणून कळवलेले एक-दोघं युद्ध संपल्यावर चालत घरी आले होते म्हणे. त्यामुळे मोठ्या सासूबाईंनी कुंकू पुसलं नाही. शेवटपर्यंत नाही. गावानं नावं ठेवली, हळदीकुंकवाला कुणी बोलवायचं, कुणी नाही. त्यांच्या हयातीत थोरल्या आजोबांचं पान कधी वाढलं गेलं नाही, कारण त्यांनी वाढू दिलं नाही. त्या गेल्यावर मग अमावास्येचं पान सुरू झालं.

म्हणजे बघा, एका बाईनं पन्नास-साठ वर्षं नवरा मेला की जिवंत आहे हे न कळता काढली. आणि तिचं उत्तर कुठल्यातरी वहीत लिहिलेलं होतं. हे मला नंतर कळलं.

तर, काम सुरू केलं. पहिलं पाऊल म्हणजे गावची चावडी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हा दगड पाहिला असेल, लक्ष दिलं नसेल. पहिल्या महायुद्धानंतर सरकारनं गावोगावी संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतकी माणसं 1914 ते 1919 च्या महायुद्धावर गेली, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. आमच्या गावची पाटी चावडीच्या भिंतीत आहे, त्यावर निवडणुकीचे पोस्टर चिकटवलेले होते. ते खरवडले. आकडे मिळाले, नाव एकही नाही. पाच जण गेले, एवढं कळलं. पाचातले एक आमचे. साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी तुम्हाला माहीत असेल, त्या एका गावचे 46 जवान त्या युद्धात गेले. पण आमच्यासारख्या लहान गावांत असे पाच-पाच, सात-सात होते, आणि ते मिळून मोठा आकडा होतो. भारतातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली. त्यातली 74 हजारांच्या आसपास मेली.

दुसरं पाऊल इंटरनेट. ब्रिटिशांची एक संस्था आहे, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन. 1917 साली स्थापन झाली. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सतरा लाख लोकांच्या नोंदी तिच्याकडे आहेत आणि वेबसाईटवर फुकट शोधता येतात. मी नाव टाकलं, आडनाव टाकलं, "मराठा लाईट इन्फंट्री" टाकलं, एंटर. भरपूर नोंदी आल्या. सगळ्या दुसऱ्या महायुद्धातल्या. आमच्या माणसाचा पत्ता नाही.

इथे माझी पहिली चूक. 1914 साली "मराठा लाईट इन्फंट्री" अशी एक रेजिमेंट नव्हतीच. सहा वेगवेगळ्या मराठा पलटणी होत्या: 103, 105, 110, 114, 116 आणि 117. त्या 1922 मध्ये एकत्र आणल्या गेल्या आणि त्यातून आजची बेळगाववाली रेजिमेंट झाली. आणि तेव्हाचं इंग्रजी स्पेलिंगसुद्धा वेगळं. आज आपण मराठा लिहिताना एम-ए-आर लिहितो, ते एम-ए-एच-आर आणि पुढे दोन टी लिहायचे. सर्च बॉक्सला काय, त्याला अक्षरं जुळली पाहिजेत.

दुसरी चूक अशी की मी आमचं आडनाव आजच्या पासपोर्टमधल्या स्पेलिंगनं शोधत होतो. ते 1914 च्या भरतीच्या कारकुनाला कोण सांगणार? समोर शेतकऱ्याचं पोर उभं आहे, ते नाव सांगतंय, आणि कारकून कानाला येईल ते लिहितोय. जाधवचं जे-ए-डी-ओ-डब्ल्यू होतं. पाटणचं पट्टन होतं. कधी आडनावच नाही, नुसतं नाव आणि बापाचं नाव.

मी आमच्या भाषेत विचार केला. दोन टेबलं आहेत. एक गावातलं: त्यात नाव आहे, बायको आहे, भाऊ आहे, पण तारीख नाही, पलटण नाही. दुसरं इंग्रजांचं: त्यात नंबर आहे, पलटण आहे, तारीख आहे, पण माणूस ओळखू येत नाही. दोन्ही जोडायला कॉमन कॉलम लागतो. तो आमच्याकडे नव्हता.

म्हणजे होता. देव्हाऱ्यात होता.

आमच्या देव्हाऱ्यात एक गोल चकती आहे. वीतभर नाही, त्याहून लहान, बारा सेंटीमीटर. जड. तिच्यावर एक उभी देवी आहे, हातात त्रिशूळ, समोर सिंह. दसऱ्याला तिला चिंचेनं घासायचं, हळदीकुंकू लावायचं, फूल वाहायचं. घरात तिला सिंहवाली म्हणतात. मला वाटायचं तुळजापूरहून आणलेली असेल. कडेला काही इंग्रजी अक्षरं आहेत हे बाबांना माहीत होतं, पण "सरकारी काहीतरी आहे" म्हणून त्यांनी कधी लक्ष दिलं नाही. आणि कुंकवाचे इतके थर बसले होते की वाचायलाही काही शिल्लक नव्हतं.

मी नेटवर त्या युद्धाबद्दल वाचत असताना एक फोटो आला. आणि मी खुर्चीतून उठलोच. सिंहवाली! लंडनच्या कुठल्या म्युझियमच्या पानावर आमच्या घरची सिंहवाली.

ती देवी नाही. ती ब्रिटानिया आहे, ब्रिटनचं प्रतीक असलेली बाई. युद्धात मेलेल्या प्रत्येक सैनिकाच्या घरी ब्रिटिश सरकारनं युद्धानंतर ही काशाची चकती पाठवली होती. तेरा लाखांहून जास्त बनवल्या. त्यावर मेलेल्याचं नाव उठावात ओतलेलं असतं. हुद्दा नाही, पलटण नाही, फक्त नाव, कारण मरणात सगळे सारखे असं म्हणणं होतं. आणि कडेनं इंग्रजीत लिहिलेलं असतं, की हा स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मेला. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, ते लिहिलेलं नाही.

मी आजीला फोन केला. म्हटलं, सिंहवालीला जरा जास्त घासावं लागेल. ती म्हणाली, "दसऱ्याला अजून येळ हाय." मग तिला सांगितलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मोठ्या सासूबाई रोज त्यालाच कुंकू लावत होत्या व्हय?"

मला यावर काही बोलता आलं नाही. पुढच्या शनिवारी गावी गेलो. कोमट पाणी, चिंच, जुना टूथब्रश. आजी शेजारी बसून होती. सिंहाच्या वरच्या बाजूला एक चौकट असते, त्यात नाव असतं. एकेक अक्षर वर आलं. त्याचं नाव. आडनाव, पण आमच्या स्पेलिंगनं नाही. मधली दोन अक्षरं वेगळी.

मिळाला कॉमन कॉलम.

परत पुण्याला आलो. मराठा पलटणींच्या नोंदी वेबसाईटवरून उतरवून घेतल्या, स्प्रेडशीटमध्ये मिळतात. एक छोटी पायथनची स्क्रिप्ट लिहिली, जवळपासची स्पेलिंगं शोधणारी. चकतीवरच्या स्पेलिंगचे चार जण निघाले. भारतीय सैनिकांच्या बऱ्याच नोंदींत पुढे एक ओळ असते: अमक्याचा मुलगा, अमकं गाव, तालुका, सातारा. एका नोंदीत बापाचं नाव आमचं. गावाचं नाव जवळजवळ आमचं, मधलं एक अक्षर खाल्लेलं. तालुका कराड. पलटण 103. तारीख जुलै 1916 मधली. आणि स्मारक: बसरा.

म्हणजे "बसऱ्याला गेला" हे खरंच होतं.

आता हे बसऱ्याचं स्मारक काय आहे ते सांगतो, कारण मला तिथे राग आला. इराकमध्ये, तेव्हाच्या मेसोपोटेमियात, 1914 ते 1921 दरम्यान मेलेल्या आणि कबर माहीत नसलेल्या चाळीस हजारांहून जास्त लोकांसाठी ते आहे. त्यातले बहुतेक भारतीय. पण दगडावर नावं कोरली ती इंग्रजांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची. साध्या भारतीय शिपायांचा पलटणीखाली फक्त आकडा. नावं वहीत ठेवली. हे 2021 मध्ये कमिशननं स्वतःच्याच चौकशी अहवालात मान्य केलं, की आशिया आणि आफ्रिकेतल्या लाखभराहून अधिक सैनिकांची नावानं आठवण ठेवली गेली नाही, किंवा अजिबातच ठेवली गेली नाही. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. तर, गावच्या चावडीवर आकडा आणि बसऱ्याच्या दगडावरही आकडा. दोन्ही टोकांना आकडाच. नाव फक्त आमच्या देव्हाऱ्यात, कुंकवाखाली.

ते स्मारक आज मूळ जागीही नाही. सद्दाम हुसेनच्या हुकमानं 1997 मध्ये ते उचलून बसऱ्यापासून 32 किलोमीटरवर, नासिरियाच्या रस्त्याला नेऊन उभं केलं.

आता मुख्य प्रश्न. कसे गेले?

नोंदीत कारण लिहिलेलं नाही. पण 103 नंबरची पलटण कुठे होती ते इतिहासात आहे. ती सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होती. ही डिव्हिजन 1914 च्या नोव्हेंबरमध्ये बसऱ्याच्या बाजूला उतरली आणि तैग्रिस नदीच्या काठानं वर वर जात राहिली. बगदाद घ्यायचं होतं. नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादच्या थोडं अलीकडे, टेसिफॉनला मोठी लढाई झाली. तिथून मागे हटले ते कूत नावाच्या गावात येऊन अडकले. तुर्कांनी 7 डिसेंबर 1915 ला वेढा घातला. जवळपास पाच महिने तो वेढा होता. सोडवायला आलेल्या फौजेचीच 23 हजार माणसं कामी आली किंवा जखमी झाली, पण वेढा तुटला नाही. आत खायला संपलं. घोडे कापले. आपल्या बऱ्याच शिपायांनी ते मांस खायला नकार दिला, नंतर काहींनी खाल्लं. भाजी नाही, त्यामुळे हिरड्यांतून रक्त. शेवटी शेवटी माणशी मूठभर पीठ. विमानातून पिठाची पोती टाकायचा प्रयत्न झाला, तो पुरला नाही. 29 एप्रिल 1916 ला जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली. तेरा हजारांच्या आसपास लोक कैद झाले. जनरलला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना बगदाद, पुढे समारापर्यंत रेल्वे, आणि तिथून मे-जूनच्या उन्हात शेकडो किलोमीटर पायी. जे पोचले त्यातल्या पुष्कळ भारतीयांना रास अल-ऐनजवळ रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो माणसं या वाटेवर आणि त्या छावण्यांत मेली. भूक, हगवण, ताप.

आमची तारीख जुलै 1916 ची आहे. शरणागतीनंतर दोन-अडीच महिने.

हा हिशोब शंभर टक्के पक्का नाही हे मी मान्य करतो. मराठा पलटणींचे काही लोक वेढ्याच्या बाहेरही होते, नवीन भरतीचे, आजारातून उठलेले. बसऱ्याच्या किंवा अमाऱ्याच्या इस्पितळात कॉलऱ्यानं गेले असतील, हेही होऊ शकतं. आणि कैदेतल्यांच्या बातम्या उशिरा यायच्या, तेव्हा तारीख एखाद-दोन दिवस इकडे तिकडे असेल. पण दोन्ही वाटांनी एक गोष्ट तीच राहते. गोळीनं नाही गेले. बहुतेक उपाशी किंवा आजारानं गेले. वय साधारण तेवीस. माझ्यापेक्षा लहान.

आता हे आजीला सांगायचं कसं? मी दोन आठवडे टाळलं. स्टँडअप मीटिंगमध्ये बोलताना फुटत नाही तेवढा घाम मला त्या फोनला फुटला. मनात आलं, सांगून टाकावं की लढताना गेले, चतुर्दशीला घाल. ऐकायला बरं वाटतं. गावातही सांगता येतं. कोण तपासणार आहे?

पण मग मोठ्या सासूबाई आठवल्या. एका बाईला खरं न कळल्यामुळे आयुष्य तसं काढावं लागलं. आता खरं हातात असताना मीच खोटं लिहिलं, तर त्या कारकुनात आणि माझ्यात फरक काय? त्यानं निदान ऐकू आलं ते लिहिलं होतं.

गावी गेलो आणि सगळं सांगितलं. वेढा, पीठ, ऊन, सगळं. आजीनं मधे फक्त एकदाच विचारलं, "पाणी तरी होतं का रं?" मी म्हटलं, नदीकाठानं नेलं होतं काही वाट. तिनं मान हलवली.

गुरुजींकडून तारखेची तिथी काढून घेतली. पंचमी आली.

मागच्या वर्षी भाद्रपद वद्य पंचमीला थोरल्या आजोबांचं पान झालं. एकशे आठ वर्षांनी, त्यांच्या स्वतःच्या तिथीला. आजीनं त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त केलं. खीर, वडे, भाजणीचे आणि साधे, अळूची भाजी, गवार, भोपळा, कढी. आई म्हणाली एवढं कोण खाणार. आजी म्हणाली, "उपाशी गेलाय त्यो."

अमावास्या आली तेव्हा मी आजीला विचारलं, आता त्यांचं पान अमावास्येला नको ना? तिथी मिळाली. ती म्हणाली, "त्याचं नको. पर ते एक पान तसंच वाढ. पाटीवर पाच हायती म्हणलास न्हवं? बाकी चौघांचं कोण घालतं ते कुठं ठावं हाय."

तर ते चौघं आता माझ्या यादीत आहेत. दोघांचा माग लागलाय, एकाचं घर सापडलं, ते लोक आता पनवेलला असतात.

शेवटी कामाचं बोलतो, कारण मला माहीत आहे तुमच्यातल्या काहींच्या घरीही असा एक "बसऱ्याला गेलेला" असणार.

एक. गावची चावडी, जुनी शाळा, वेस, इथे संगमरवरी पाटी शोधा. फोटो काढा. गावातून किती गेले ते कळलं की घरं विचारत जाता येतं.

दोन. घरातली ट्रंक, देव्हारा, माळा बघा. सिंहवाली चकती मिळाली तर तिच्यावर नाव आहे. चांदीचं मेडल मिळालं तर त्याची कड बघा, भिंगानं. तिथे नंबर, नाव आणि पलटण ठोकलेली असते. खूप घरांत ही मेडलं मोडून दागिने केले गेले, तेव्हा ओरडू नका, चांदी होती ती.

तीन. वेबसाईटवर नावानं आधी शोधू नका. पलटणीनं शोधा, मग गाव आणि बापाचं नाव बघा. स्पेलिंगची दहा रूपं कागदावर लिहून घ्या.

चार. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल नावाचं पोर्टल आहे, तिथे जुनी सरकारी कागदपत्रं शोधता येतात. पलटणींच्या युद्ध-डायऱ्या लंडनजवळ केऊच्या अभिलेखागारात आहेत. त्यात शिपायाचं नाव क्वचित येतं, पण त्या दिवशी पलटण कुठे होती ते कळतं.

आणि पाच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारा, सर्च नंतर करा. मी उलटं केलं आणि चार महिने घालवले. उत्तर देव्हाऱ्यात होतं.

हो, आणि एक विचारतात सगळे, म्हणून सांगतो. सिंहवाली अजून देव्हाऱ्यातच आहे. मी आजीला सांगितलं होतं की ही देवी नाही, परक्या राज्याची बाई आहे. ती म्हणाली, "असंल. नाव आपलं हाय न्हवं तिच्यावर?" आता फक्त कुंकू लावताना ती नावाची चौकट मोकळी ठेवते.

भेटू पुढच्या भागात. तुमच्याकडे पाटीचा फोटो असेल तर पाठवा, स्क्रिप्ट तयार आहे, शोधून देतो. नमस्कार.